भाड्याच्या खोल्या बांधण्याआधी वही उघडा

निवृत्तीची रक्कम एकदम खात्यावर आली, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला किंवा परगावच्या मुलाने चार पैसे पाठवले, की आपल्याकडे पहिला विचार राहत्या घराचा होतो. ते असेल तर दुसरा विचार हल्ली भाड्याच्या खोल्यांचा होतो. गावाजवळ एमआयडीसी आली आहे, तालुक्याला कॉलेज आहे, रस्त्याकडेला वडिलोपार्जित तीन गुंठे पडून आहेत. सहा खोल्या काढल्या तर महिन्याच्या महिन्याला पैसे येतील आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असं मनात येतं. विचार चांगला आहे. वाळूज, चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कागल या औद्योगिक पट्ट्यांत आणि लातूरसारख्या विद्यार्थ्यांच्या गावात अशा खोल्यांवर कितीतरी कुटुंबं सन्मानाने जगत आहेत. पण त्याच गल्ल्यांमध्ये अर्धवट राहिलेले सांगाडे, पाच वर्षांत गळायला लागलेले स्लॅब आणि हप्ते भरता भरता दागिने मोडलेली घरंही आहेत. तुमचं घर त्यांच्यात जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात नकाशाने करू नका. आधी एक वही घ्या आणि हिशेब मांडा.

समजा, तीन गुंठे जागा घरचीच आहे. तळमजल्यावर सहा बिऱ्हाडं काढायची आहेत. प्रत्येकाला दहा बाय बाराची खोली, सात बाय आठचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं संडास-बाथरूम द्यायचं आहे. भिंती, जिना, पॅसेज धरून बांधकाम 1,600 चौरस फूट होईल. दर चौरस फुटाला 2,000 रुपये धरला तर 32 लाख होतात. इथेच बहुतेकांची वही बंद होते. ती बंद करू नका. कंपाउंड, बोअर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, वीजजोडण्या, नकाशा आणि परवानगीचा खर्च, आरसीसी डिझाइनची फी हे सगळं ठेकेदाराच्या चौरस फुटाच्या दरात सहसा नसतं. त्यासाठी पाच लाख बाजूला ठेवा. एकूण 37 लाख झाले. दर तुमच्या गावचा घाला, आकडे बदलतील, पण मांडणी हीच ठेवा.

आता जमेची बाजू. बिऱ्हाडामागे 5,000 रुपये भाडं धरलं तर महिन्याला 30,000 आणि वर्षाला 3,60,000 रुपये दिसतात. पण खोली वर्षाचे बाराही महिने भरलेली नसते. एक भाडेकरू जातो, दुसरा येईपर्यंत खोली रिकामी राहते, मध्येच रंग काढावा लागतो. म्हणून दहाच महिन्यांचं भाडं धरा, म्हणजे 3,00,000. त्यातून घरपट्टी, मोटरचं बिल, नळदुरुस्ती, रंगकाम यांचे 45,000 वजा करा. हाती 2,55,000 उरतात. 37 लाखांवर हे वर्षाला सात टक्क्यांच्या किंचित खाली बसतं. बँकेची मुदत ठेव फार वेगळं देत नाही, आणि तिथे कुणाचा नळ गळत नाही. फरक इतकाच की भाडं दरवर्षी थोडं वाढतं, ठेवीचं व्याज वाढत नाही.

हाच हिशेब जागा विकत घेऊन करून पाहा. तीन गुंठ्यांना 18 लाख मोजले तर गुंतवणूक 55 लाखांवर जाते आणि उत्पन्न साडेचार टक्क्यांच्या थोडं वर राहतं. त्यात घरकर्ज नऊ टक्क्यांचं धरा. साडेचार टक्के मिळवण्यासाठी नऊ टक्क्यांनी पैसे उचलायचे, हा व्यवहार जागेचा भाव वाढेल या एकाच आशेवर उभा राहतो. माझं मत स्पष्ट आहे. आजच्या भावाने जागा घेऊन, वर कर्ज काढून, फक्त भाड्यासाठी राहत्या खोल्या बांधणं साधारण पगारदार माणसाने करू नये. जागा घरची असेल, निदान जुन्या भावाने घेतलेली असेल, तरच या वाटेला जा.

आणि कर्ज काढायचंच असेल तर किती? निव्वळ भाड्याच्या निम्म्यात हप्ता बसेल एवढंच. वरच्या उदाहरणात निव्वळ उत्पन्न महिन्याला 21,250 रुपये आहे, निम्मं 10,600 च्या आसपास. नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी दहा लाख काढले तर हप्ता 10,143 रुपये येतो. म्हणजे दहा लाख. वीस लाख काढलेत तर हप्ता 20,285 होतो आणि पंधरा वर्षं तुम्ही बँकेसाठी खोल्या झाडत बसता. मार्च 2020 ची टाळेबंदी आठवा. कारखाने बंद झाले, कामगार पायी गावी निघाले, क्लास बंद पडले, विद्यार्थी घरी गेले. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली होती. भाडेकरूंसाठी ती गरजेचीच होती. पण ज्याचा हप्ता पूर्ण भाड्यावर उभा होता त्या मालकाचे ते महिने कसे गेले असतील याचा विचार करा. म्हणूनच सगळ्या खोल्या एकाच प्रकारच्या भाडेकरूसाठी बांधू नका. विद्यार्थ्यांच्या गावातही निम्म्या खोल्या कुटुंबाला राहता येईल अशा ठेवा.

हिशेब जमला तर कागदांकडे वळा.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा. सातबारावर फक्त आपलं नाव शोधून थांबू नका. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, जुना दावा काही आहे का ते वाचा. भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकू नका. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. घरच्या जमिनीला कशाला, असं वाटेल. घरच्याच जमिनीला जास्त लागतो, कारण तिथे तोंडी वाटण्या झालेल्या असतात.

भावाभावांनी बांध घालून घेतला, वीस वर्षं वहिवाट झाली, पण सातबारा एकत्रच आहे. त्यात बहिणीचं नाव आहे, नाहीतर असायला हवं होतं आणि लावलेलं नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. त्या सामाईक जागेवर तुम्ही 37 लाख ओतलेत आणि नंतर वाटणीचा दावा आला, तर तुमची इमारत कोर्टात अडकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बहिणीचा वाटा तिचा आहे. तिला बोलवा, बसा, रीतसर वाटणी करा. तिने मनापासून हक्क सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नसेल सोडायचा तर तिचा मोबदला द्या, किंवा दोन खोल्या तिच्या नावावर बांधा. राखीपौर्णिमेच्या दिवशी घाईघाईत कागदावर तिची सही घेण्याचा प्रकार आपल्याकडे चालतो. तो बंद झाला पाहिजे.

दुसरी अडचण गुंठ्यांची. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते स्टॅम्पपेपरवर विकण्याचा धंदा शहरांभोवती वर्षानुवर्षं चालला. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. अशी वस्ती नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवली गेली, तुकडेबंदीतही अलीकडे सवलती मिळाल्या. अकृषिक परवानगीचे नियमही वारंवार बदलले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकून चालू नका. तहसील कार्यालयात आणि नियोजन प्राधिकरणात जाऊन आज काय लागू आहे ते विचारा. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे आणि लहान भूखंडांना तिच्यात सोपी वाट ठेवलेली आहे. परवानगी काढणं पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. परवानगीशिवाय बांधलेल्या खोल्यांवर बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक भाव पाडतं.

आणि मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा पक्क्या रोवून घ्या. अंदाजाने कंपाउंड घालून शेजारच्याच्या फूटभर हद्दीत गेलेला माणूस आयुष्यभराचं वैर विकत घेतो.

आता बांधकाम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण भाड्याची इमारत म्हणून हलकं काम चालेल, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. स्वतःच्या घरातला नळ माणूस जपून फिरवतो. भाड्याच्या खोलीत दर दोन वर्षांनी नवं कुटुंब येतं, भिंतीला नवे खिळे ठोकतं, ओट्यावर नवी शेगडी येते. म्हणून भाड्याची इमारत राहत्या घरापेक्षा मजबूत हवी. पैसे दाखवायच्या वस्तूंवर वाचवा, गाडल्या जाणाऱ्या वस्तूंवर वाचवू नका. फॉल्स सीलिंग नको, दर्शनी भागाला दगडी लाद्या नकोत, पण पाया, सळई, पाइप आणि वॉटरप्रूफिंग यांत तडजोड नको.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडच्या काळ्या मातीत पाया ही सगळ्यात खर्चीक आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला तर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंती तडकतात, दरवाजे अडकायला लागतात. खड्डे मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली न्या. थर फार खोल असेल तर आरसीसी कन्सल्टंटला विचारून पाइलचा पाया घ्या. जोत्याखाली काळी माती भरू नका, मुरूम भरा आणि थराथराने पाणी मारून धुमस करून घ्या. प्लिंथ बीम सगळीकडून जोडून घ्या.

आरसीसी डिझाइन गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. तेव्हापासून सिमेंटचं घर म्हणजे सुरक्षित घर असं आपण मानू लागलो. ते अर्धंच खरं आहे. 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये सिमेंटच्याच इमारती कोसळल्या. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींचं ओझं, अशा इमारती त्यांत बऱ्याच होत्या. तुम्हीही खाली गाड्या आणि वर खोल्या अशी रचना करणार असाल तर इंजिनिअरला हे मुद्दाम सांगून डिझाइन करून घ्या. खांबातल्या रिंगांची टोकं काटकोनात न ठेवता आत वळवून हुक करायची असतात. कामावर उभं राहून हे बघणं कुणालाही जमतं.

सळई घेताना ट्रक आपल्या पसंतीच्या वजनकाट्यावर न्या. घरीही तपासता येतं. 12 मिलिमीटरची, 12 मीटर लांबीची सळई साधारण 10.6 किलो भरते. दहा सळयांचं वजन करा, फरक लगेच कळेल. खडी आणि क्रश सँड ब्रासवर येते आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजा. यात कुणाचा अपमान होत नाही. प्रामाणिक पुरवठादाराला मोजणारा मालक आवडतो.

स्लॅबच्या दिवशी घरचं एक माणूस मिक्सरपाशी उभं राहू द्या, आणि त्याने फक्त पाण्यावर लक्ष ठेवावं. माल पातळ केला की तो पटकन पसरतो, मजुरांचा त्रास वाचतो, पण काँक्रीटची ताकद जाते. एका गोणीला 25 ते 27 लिटर पाणी पुरे, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. व्हायब्रेटर हवाच. सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत, स्लॅबला 20 मिलिमीटर, बीमला 25 आणि खांबाला 40. ते नसले तर सळई सेंट्रिंगला टेकते, पुढे गंजते, आणि दहा वर्षांनी स्लॅबचे पोपडे भाडेकरूच्या ताटात पडतात. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. निदान दहा दिवस, उन्हाळा असेल तर चौदा. खांबांना गोणपाट गुंडाळून भिजवा. बहुतेक ठिकाणी स्लॅबला पाणी मिळतं आणि खांब कोरडे राहतात. इमारत उभी असते ती खांबांवर.

पुढे मजला चढवायचा असेल तर पाया आणि खांब आत्ताच त्या हिशेबाने करा, पण बांधा एकच मजला. तो भरला, दोन वर्षं चालला, की वरचा. पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळया मात्र उघड्या ठेवू नका. गावोगाव त्या वर्षानुवर्षं पावसात गंजत उभ्या दिसतात. त्यांच्यावर हलक्या काँक्रीटचा ठोकळा भरून ठेवा, वेळ आली की फोडता येतो.

ठेका लेखी करा. लेबर रेटने देत असाल तर चौरस फूट कशाकशाचे मोजायचे ते लिहा, कारण छज्जा, जिना, टाकी, पॅराफिट यांवरून हमखास भांडण होतं. पैसे टप्प्याने द्या. पाया, जोता, स्लॅब, प्लास्टर, फिनिशिंग. पाच टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत हाती ठेवा. गळतं की नाही ते पावसाळाच सांगतो. उरलेल्या टप्प्यांचे पैसे देण्यात उशीर करू नका, कारण त्या पैशांतून शनिवारी मजुरांची मजुरी व्हायची असते. दिवाळीनंतर खड्डे घेतले तर पावसाळ्याआधी स्लॅब टाकून होतो. आषाढात पाया खणायला घेऊ नका.

खोली कशी असावी हे भाडेकरूला विचारा. शिफ्ट सुटते तेव्हा कंपनीच्या गेटपाशी जाऊन चार जणांशी बोला, क्लासच्या बाहेर मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोला. फरशी कोणती आणि रंग कोणता याबद्दल कुणी बोलणार नाही. पाणी किती वेळ येतं, संडास स्वतःचं आहे का, दुचाकी कुठे लावायची, कपडे कुठे वाळत घालायचे, रात्री जिन्यावर दिवा असतो का, हेच प्रश्न येतील. या पाच गोष्टी चांगल्या दिल्यात तर तुमची खोली रिकामी राहणार नाही. दोन समोरासमोर खिडक्या द्या, स्वयंपाकघरात धूर बाहेर जाईल अशी जागा ठेवा, माळा द्या, आतून नीट लागेल अशी भक्कम कडी द्या. खिडकीचं ग्रिल एका बाजूने उघडणारं ठेवा. आग लागली तर माणूस आत कोंडला जाऊ नये. बाथरूमचे पाइप भिंतीत गाडण्यापेक्षा मागच्या डक्टमधून न्या, म्हणजे दुरुस्तीला कुणाचं बिऱ्हाड उचलावं लागणार नाही.

वीज मीटर प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. 100 युनिटपर्यंत स्वस्त, 300 पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. सहा कुटुंबांनी एका मीटरवर प्रत्येकी 80 युनिट वापरली तरी एकत्र 480 होतात आणि गरिबाच्या दोन दिव्यांना मोठ्या बंगल्याचा दर लागतो. मग मालक सबमीटर लावून मनाला येईल तो दर घेतो. ही अन्यायाची गोष्ट आहे आणि निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. वेगळ्या मीटरचा खर्च एकदाच येतो.

भाडेकरू आला की करार. इथे दोन जुने गैरसमज काढून टाका. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा पहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर म्हणजे नोंदणी नव्हे. खर्च थोडा आहे. एकूण भाड्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. घरी बसून ऑनलाइनही होते.

दुसरा गैरसमज, बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो. परवानगीने राहणाऱ्याचा कब्जा मालकीविरुद्धचा कब्जा ठरत नाही. ही भीती कुठून आली ते समजण्यासारखं आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली आणि तो कायदा पन्नासहून अधिक वर्षं चालला. मुंबईच्या चाळी आणि पुण्याचे वाडे त्या काळात दुरुस्तीविना खचले, पागडी आली, आणि भाड्याने देणं म्हणजे घर गमावणं हे मराठी मनात पक्कं बसलं. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. भीतीपोटी खोल्या कुलूप लावून ठेवू नका, आणि दर अकरा महिन्यांनी चांगल्या माणसाला हुसकावूही नका. नियमित भाडं देणारं कुटुंब पाच वर्षं राहिलं तर तुमचे रिकामे महिने आणि रंगाचा खर्च दोन्ही वाचतात. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती मात्र द्या.

भाडं बँकेतून घ्या आणि उत्पन्नात दाखवा. आयकरात घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या असोत वा नसोत, आणि कर्जाचं व्याज वेगळं वजा होतं. दाखवलेल्या भाड्यावर पुढे बँक कर्जही देते.

शेवटची गोष्ट मी सगळ्यात आग्रहाने सांगतो. खोली दाखवताना आडनाव विचारून तोंड फिरवू नका. जात, धर्म, बिहारी की ओडिया, एकटी बाई की नवराबायको, यावर खोली नाकारली जाते हे आपण सगळे जाणतो. दिवसभर उन्हात तुमच्या गावचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला संध्याकाळी चार दारांवरून परत पाठवायचं, हे आपल्याला शोभत नाही. आणि निव्वळ व्यवहाराने पाहिलं तरी, भाडं वेळेवर येईल का आणि खोली नीट ठेवेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं आडनावात नसतात. कुठे काम करता, आधी कुठे राहत होता, तिथून का निघालात, हे विचारा. जुन्या घरमालकाला एक फोन करा. एवढं पुरतं. अनामत रक्कम घेतलीत तर पावती द्या, आणि माणूस जाताना नुकसानीचा खरा खर्च कापून बाकीची त्याच दिवशी हातावर ठेवा.

मनात खोल्या बांधायचं ठरलं असेल तर ठेकेदाराला अजून फोन करू नका. या आठवड्यात सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा, बहीणभावांना एकत्र बसवा आणि मोजणीचा अर्ज भरा.